बोंड हलकं की बोंडं कमी? सोर्स आणि सिंकमधली गल्लत

चार बाय दीड फुटांवर लावलेल्या कपाशीत एकरी 7,260 झाडं बसतात. झाडाला 30 बोंडं आणि बोंडाला 4 ग्रॅम कापूस धरला, तर एकरी 8.7 क्विंटल होतात. बोंडं 30च राहिली, पण 3 ग्रॅमची भरली, तर जवळपास 2.2 क्विंटल गेले. बोंड 4 ग्रॅमचंच भरलं, पण झाडाला साडेसात बोंडं कमी लागली, तरी तेवढेच गेले. काट्यावर दोन्ही तुटी सारख्या दिसतात. पण पहिली तूट सोर्सची आहे, दुसरी सिंकची. एकीचा उपाय दुसरीवर केला तर खर्च होतो आणि नुकसानही वाढतं.

सोर्स म्हणजे अन्न तयार करणारा भाग: पूर्ण उमललेलं, उन्हात असलेलं हिरवं पान. सिंक म्हणजे पानानं तयार केलेली साखर ओढून घेणारा भाग: बोंड, शेंग, फळ, मुळं आणि कोवळा शेंडासुद्धा. पहिली फसगत या शेंड्यापाशी होते. कोवळं पान साधारण निम्मं वाढेपर्यंत स्वतःच खाणारं असतं. युरिया टाकल्यावर पऱ्हाटी (कपाशी) हिरवीगार होऊन सरसर वर चढते, तेव्हा आपण आधी खाणारी तोंडं वाढवलेली असतात. पीक जोरात आहे असं वाटतं, पण ते माजलेलं असतं.

दुसरी गोष्ट वयाची. कपाशीचं पान उमलल्यापासून वीसेक दिवसांनी सर्वात जास्त कमावतं, पुढे उतरणीला लागतं. बोंडाला मात्र फुलापासून फुटेपर्यंत साधारण 50 दिवस लागतात. बोंडाला सगळ्यात जास्त अन्न त्याच्या शेजारचंच पान देतं, आणि बोंड भरायच्या ऐन काळात ते पान म्हातारं होत असतं. त्यात वरच्या दाटीनं मधल्या पानांवर ऊनच पडलं नाही, तर त्या मजल्यावरची बोंडं हलकी राहतात.

आता वावरात कसं ओळखायचं? ओळीतली गळ गोळा करा आणि पाती (फुलाआधीच्या कळ्या), बोंडं नखानं उघडून बघा. आत अळी, विष्ठा किंवा छिद्र दिसलं तर प्रश्न किडीचा आहे. घेणारा भाग अळीनं नेला, पानांचा त्यात दोष नाही. आत स्वच्छ असेल, गळलेली बोंडं आठ-दहा दिवसांच्या आतली असतील आणि आधी चार-पाच दिवस झड लागून ऊन पडलं नसेल, तर सोर्स कमी पडला. साखर पुरेना म्हणून झाडानं धाकटी बोंडं सोडली. दोन आठवड्यांच्या पुढचं बोंड झाड सहसा टाकत नाही, ते फक्त हलकं ठेवतं. काळ्या जमिनीत पाणी साचूनही गळ होते, म्हणून चर आधी बघा, औषधाचा विचार नंतर.

लाल्या, म्हणजे कपाशीची पानं लाल पडणं, हे सोर्स-सिंकच्या ओढाताणीचं सगळ्यात स्पष्ट चित्र आहे. 2002 नंतर आलेल्या बीटी (बोंडअळीला आतूनच रोखणाऱ्या) वाणांत अळीनं जाणारी सुरुवातीची बोंडं झाडावर टिकू लागली. एकाच वेळी भरणाऱ्या बोंडांचा भार वाढला आणि ती पानांतलं नत्र आणि मॅग्नेशियम ओढून घेऊ लागली. अशा वेळी खालच्या, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग लालसर होतो. तुडतुड्यांनीही पान लाल होतं, पण त्यात कडा आधी पिवळ्या पडून खाली वळतात. पान उलटून बघा, तिरकी चालणारी फिकट हिरवी पिल्लं दिसली तर तिथे मॅग्नेशियम फवारून काही होणार नाही.

सोयाबीनमध्ये फरक काढणीला कळतो. शेंगा भरपूर, पण दाणे बारीक, सुरकुतलेले आणि पानं आधीच गळालेली, तर दाणे भरताना सोर्स संपला. शेंगा मोजक्या, दाणे टपोरे आणि काढणीची वेळ आली तरी खोड-पानं हिरवीच, तर सिंक हरवला: फुलं-शेंगा किडीनं किंवा फुलोऱ्यातल्या पावसाच्या खंडानं गेल्या आणि अन्न घ्यायला कुणी उरलं नाही. म्हणूनच फुलोऱ्याआधी अळीनं पाव हिस्सा पानं खाल्ली तरी उत्पन्न फारसं घटत नाही. शेंगा भरताना तेवढीच पानं गेली तर मात्र चांगलाच फटका बसतो.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्र्यात हाच हिशोब दोन वर्षांवर पसरतो. एका बहारात फळं अती लागली तर ती बारीक राहतात, फांद्या-मुळांतला साठा उपसला जातो आणि पुढच्या बहाराला फुलं कमी येतात.

सोर्स कमी असेल तर उपाय पानांना जपण्याचा. बोंडं भरू लागताच डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) 2 टक्के फवारा: 10 लिटरला 200 ग्रॅम, रात्रभर भिजवून वरचं निवळलेलं पाणी गाळून घ्यायचं. मॅग्नेशियम सल्फेट 1 टक्का, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, वेगळ्या दिवशी. दोन्ही एका पंपात घातली तर स्फुरद आणि मॅग्नेशियमचा साका बसतो, नोझल तुंबतं आणि दोन्ही वाया जातात. पान पूर्ण लाल झाल्यावर ते परत हिरवं होत नाही, म्हणून वाट बघू नका.

सिंक कमी असेल आणि झाड माजलं असेल तर युरिया थांबवा. गळफांद्या (बुडाजवळच्या, नुसत्या वाढणाऱ्या फांद्या) 40-45 दिवसांत काढल्या आणि पुढे शेंडा खुडला, तर साखर फळफांद्यांकडे वळते. बोंडं टिकवायला एनएए हे वाढ-संजीवक वापरतात: 4.5 टक्क्यांचं औषध 10 लिटरला साडेचार मिली, म्हणजे साधारण 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग). मात्र एनएए साखर तयार करत नाही. झडीत उपाशी असलेल्या झाडावर ते मारलं तर बोंडं चार दिवस जास्त टिकतील, भरणार नाहीत. आणि झाकणानं अंदाजे ओतून मात्रा वाढली तर हेच औषध गळ वाढवतं, म्हणून मोजायला सिरिंज वापरा.