फौजेतल्या अधिकाऱ्याचा राजीनामा: कुणाला मिळतो, कागद कोणते लागतात

महाडजवळच्या फौजी आंबवड्यापासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, आर्मीत नाहीतर नेव्हीत कुणीतरी आहे अशी घरं कोकणात पुष्कळ. गणपतीला अधिकारी मुलगा सुट्टीवर आला की विषय निघतोच: "बागेकडे बघायला कोण नाही, दे राजीनामा नि ये घरी."

इतकं सोपं ते नाही. कंपनीत नोटीस पिरियड भरला की माणूस मोकळा होतो. सैन्यदलात राजीनामा हा हक्क नाही, ती विनंती आहे. नौदल कायदा, १९५७ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्याला पद सोडता येत नाही. भूदलाला सेना कायदा, १९५० आणि सेना नियम, १९५४ लागू आहेत. मंजुरी तिथेही वरूनच येते. कराराची मुदत संपण्याआधी मनाला येईल तेव्हा सेवा सोडण्याचा बिनशर्त हक्क नाही, असं हवाई दलातल्या एका एअरमनच्या (अधिकारी नसलेल्या जवानाच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

अर्ज लिहायच्या आधी एक हिशेब करा: पेन्शनपात्र सेवा किती झाली? कायम कमिशनवाल्या, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नेमलेल्या, अधिकाऱ्याला साधारण २० वर्षं लागतात. ती भरली असतील तर 'राजीनामा' नव्हे, मुदतपूर्व निवृत्ती मागायची. दोन्हींत माणूस घरीच येतो, पण एकात पेन्शन घेऊन आणि दुसऱ्यात बहुधा रिकाम्या हाताने. पेन्शन मिळण्याआधी स्वतःहून बाहेर पडलेल्याला केंद्राच्या नोकरभरतीत माजी सैनिक म्हणूनही सवलत मिळत नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्याने, म्हणजे ठराविक वर्षांसाठीच नेमलेल्याने, मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेतली, तर मात्र तो माजी सैनिक ठरतो. म्हणून वर्ष-दीड वर्ष उरलं असेल तर कळ काढावी, असं माझं मत. मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांनी ७ नोव्हेंबर २०१५ चा 'वन रँक वन पेन्शन'चा (समान हुद्दा नि समान सेवा, तर समान पेन्शन) आदेशही वाचावा. त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना त्यात वगळलं आहे आणि त्यावरून वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे सैन्यदलांच्या सेवाविषयक तंट्यांच्या न्यायालयात, गेले आहेत.

अर्ज कमांडिंग ऑफिसरमार्फतच जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो घेत नाहीत, तिथलं काम मुख्यतः सेवेतून बाहेर आल्यावरचं. कारण मोघम नको. आईवडिलांचं आजारपण असेल तर वैद्यकीय कागद, घरची अडचण असेल तर तिचे पुरावे जोडा. नुसतं 'कौटुंबिक कारण' लिहून भागत नाही. सरकारी खर्चाने कोर्स किंवा अभ्यास रजा घेतली असेल तर त्या बदल्यात ठराविक वर्षं सेवा करण्याचा लिहून दिलेला बाँड काढून बघा. मुदत राहिली असेल तर पैसे भरावे लागू शकतात. चौकशी किंवा शिस्तभंगाचं प्रकरण चालू असेल तर अर्ज सहसा पुढे सरकत नाही. मंजुरीनंतर वैद्यकीय तपासणी, ना-देय दाखला आणि हिशेबाचे कागद.

मंजुरी हातात येईपर्यंत गणवेश अंगावरच. अर्ज दिला म्हणून गावी येऊन बसलात तर ती विनापरवाना गैरहजेरी, आणि सेना कायद्याच्या कलम ३९ खाली तो गुन्हा आहे. निवडणुकीचा फॉर्म भरायचा विचार असलेल्यांनाही हेच लागू.

अर्ज फेटाळला तर आधी कायद्यातली वैधानिक तक्रार करा. तिथेही दाद नाही मिळाली तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तिथे जावं लागतं.