शुकुबो

जपानमधील बौद्ध मंदिरांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची आणि जेवणाची जी सोय असते, तिला शुकुबो म्हणतात. पूर्वी येथे फिरते भिक्षू आणि भाविक उतरत. आता कोणत्याही धर्माचा माणूस पैसे भरून राहू शकतो. तरी शुकुबोला धार्मिक सजावटीचे हॉटेल समजणे चूक ठरेल. मंदिराचा दिनक्रम पाहुण्यासाठी बदलत नाही, पाहुण्यानेच त्यात सामावून जायचे असते.

शुकुबोंसाठी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे वाकायामा प्रांतातील कोयासान. सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार ८१६ मध्ये सम्राट सागा याने शिंगोन पंथाचे प्रवर्तक कुकाई (७७४–८३५) यांना साधनेसाठी दिले. आज तेथे ११७ मंदिरे असून त्यांपैकी सुमारे ५० मंदिरांत पाहुण्यांची सोय आहे. मध्ययुगाच्या अखेरीपासून सरंजामदार येथील एखाद्या मंदिराशी करार करत आणि त्यांच्या मुलखातले यात्रेकरू त्याच मंदिरात उतरत. त्यामुळे मुक्कामाचे नाते पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. १८७१ नंतर मेजी सरकारने मंदिरांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, तेव्हा पाहुण्यांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचे महत्त्व वाढले.

मंदिरांचे डोंगराशी असलेले नाते मात्र बंधनांतून घडले. देवळांच्या बांधकामासाठी लाकूड कमी पडू नये म्हणून सुगी, हिनोकी, कोयामाकी, फर, हेमलॉक आणि लाल पाइन या सहा वृक्षांना संरक्षण होते. नफ्यासाठी फळझाडे व फुलझाडे लावण्यास मनाई असल्याने देवापुढे आणि थडग्यांवर फुलांऐवजी कोयामाकीच्या हिरव्या फांद्या वाहतात. मुख्य मंदिर कोंगोबुजी याचे छप्पर हिनोकीच्या सालीचे आहे. ही साल उभ्या झाडावरून, झाड न तोडता काढतात. छपरावर पावसाच्या पाण्याची पिंपे ठेवलेली दिसतात, ती आगीपासून बचावासाठी.

पाहुण्याला या जीवनपद्धतीची खरी ओळख ताटातून होते. शोजिन र्‍योरी या मठातील स्वयंपाकात मांस-मासे नसतात. कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य. रस्सा कोंबू हे समुद्रशैवाल आणि शिताके अळंबी यांचा. तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळांचे सत्त्व घोटून केलेले गोमा-दोफू, तसेच टोफू (सोयाबीनचे पनीर) गोठवून वाळवून केलेले कोया-दोफू, हे येथील खास पदार्थ. दुसरा पदार्थ डोंगरावरच्या कडाक्याच्या थंडीतून निर्माण झाला. सोवळेपणात गंमतही आहे : साके या तांदळाच्या मद्याला येथे ‘हान्न्या-तो’, म्हणजे प्रज्ञेचे गरम पाणी, असे नाव देऊन ती पुष्कळ शुकुबोंत मागितल्यास मिळते.

जेवण संध्याकाळी लवकर, झोप तातामी या गवती चटईवर अंथरलेल्या गादीवर. पहाटे मंत्रपठणाला बसायचे. काही ठिकाणी गोमा हा होम पाहायला मिळतो. सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीतील ‘अ’ या अक्षरावर चित्त एकाग्र करण्याचे अजिकान हे ध्यान काही मंदिरे शिकवतात. पाहुण्यांना खोली दाखवणारे आणि ताट वाढणारे बहुधा भिक्षूच असतात. २००४ मध्ये कोयासानचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला आणि परदेशी पाहुणे वाढले. जुन्या खोल्यांना कागदी सरकती दारे असत, कुलूप नसे, न्हाणीघर सामाईक असे. आता काही शुकुबोंनी कुलपे आणि स्वतंत्र न्हाणीघरे बसवली आहेत.