वर्खाखाली काय असतं?

देव्हारा किंवा फोटोची चौकट हातात घेतली की गिऱ्हाईक विचारतंच, "हे खरं सोनं की सोनेरी रंग?" सोनं खरंच आहे, फक्त फार थोडं: आम्ही लाकडावर सोन्याचा वर्ख, म्हणजे ठोकून अगदी पातळ केलेला पापुद्रा, चढवतो. आणि ही काटकसर काही आम्ही शोधलेली नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये देवांचं अंग सोन्याचं मानत. सोनं काळवंडत नाही, म्हणून मेल्यावरही टिकायचं तर अंगावर सोनं हवं. ते यायचं पूर्वेच्या वाळवंटातून आणि दक्षिणेकडच्या नुबियातून. तरी सगळं भरीव करणं राजालाही झेपत नसे. तुतनखामेन या राजाच्या तीन शवपेट्यांपैकी सर्वांत आतली भरीव सोन्याची, सुमारे ११० किलोची. बाहेरच्या दोन लाकडी, वरून सोन्याने मढवलेल्या.

इजिप्तमधल्या सक्कारा या जुन्या दफनभूमीत मेरेरुका या राजाच्या वजिराच्या थडग्यात सोनं ठोकणारे कारागीर कोरलेले आहेत. हातोड्याला दांडा नाही, मुठीत मावेल असा नुसता दगड! त्यांचा वर्ख आजच्यापेक्षा बराच जाड असे. जाड पत्रा ते खिळ्यांनी ठोकत. पातळ वर्खासाठी लाकडावर खडूची पूड आणि सरस यांचा लेप देऊन त्यावर चिकटवत. आमच्याकडेही आधी लेपच. तो वाळवून घासायलाच आमचे निम्म्याहून जास्त दिवस जातात, बिलात तो दिसतो तो त्यामुळे.

१९२२ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनचं थडगं सापडलं. शवपेट्यांभोवती एकात एक बसवलेले चार सोनेरी देव्हारे होते. तीन हजारांहून जास्त वर्षांत लाकूड आकसलं आणि लेप सोन्यासकट सुटा झाला. कार्टरच्या माणसांनी तो वितळलेल्या पॅराफिन मेणाने धरून ठेवला. देव्हारे जोडताना कामगारांनी घाईत घातलेल्या हातोड्यांचे घावही सोन्यावर दिसत होते, लाकडाच्या ढलप्या तिथेच पडलेल्या. राजाचं काम, तरी ही तऱ्हा!

तेव्हा वर्खाची वस्तू एसीच्या झोताखाली किंवा ओलीच्या भिंतीवर लावू नका. लाकूड हललं की आधी लेप तडकतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं नको, सरस पाण्याने सुटतो. आणि पितळी वर्ख स्वस्त पडतो, पण काही वर्षांत काळपटतो. कोणता हवा ते ऑर्डर देतानाच सांगा.