बेजार: दुःखाचा की नैराश्याचा?

आमच्या बेळगाव भागात ‘बेजार’ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. मराठी माणूस म्हणतो, “लई बेजार झालोय बघा.” शेजारची कन्नड बाई म्हणते, “बेजार आगैती.” मराठीतला बेजार म्हणजे त्रासलेला, जेरीला आलेला. कन्नडमधला बेजार म्हणजे मन खट्टू होणं, कंटाळा येणं, वाईट वाटणं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून हे अर्थ इतके मिसळलेत की घरातलं माणूस ‘बेजार’ आहे म्हटल्यावर ते दुःखात आहे की नैराश्यानं आजारी आहे, हे काही कळत नाही. आणि ते कळायलाच हवं, कारण दोघांना लागणारी मदत वेगळी.

माझे काका वारले तेव्हा मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पंधरा दिवस राहिले होते. उंबऱ्यापाशी काकांच्या चपला तशाच होत्या. त्या दिसल्या की काकूंचा बांध फुटायचा. पण रक्षाविसर्जनाला आलेल्या कुणी काकांची बैलबाजारातली घासाघीस आठवून सांगितली, की त्याच काकू पदरानं डोळे पुसत हसायच्या. मध्येच विचारायच्या, “म्हशीची धार काढली का रे कुणी?” दुःख असं लाटांनी येतं. येतं तेव्हा जीव घेतं, पण दोन लाटांच्या मध्ये माणूस आपल्या जागेवर असतो. त्याला आपलं माणूस हवं असतं, स्वतःचा राग आलेला नसतो.

शहापूरच्या आमच्या वहिनींचं वेगळं होतं. घरात कुणी गेलं नव्हतं. माग चालू होते, मुलीचं शिक्षण नीट चाललं होतं. पण वहिनी सकाळी अंथरुणावर बसून राहायच्या. हातातल्या चहावर साय धरायची, तरी कप तोंडाला लागत नसे. पहाटे तीनला जाग यायची ती परत झोप नाही. मी एकदा शेजारी बसले तर हळूच म्हणाल्या, “माझ्यामुळंच या घराला साडेसाती लागलीय.” हसण्यासारखं काही सांगितलं तरी चेहरा हलायचा नाही. लाट नव्हती, साचलेलं पाणी होतं.

दोघींना घरचे एकच सांगायचे: “मन घट्ट कर.” काकूंना ते निदान टोचलं तरी निभावलं. वहिनींना मात्र त्यातून आपण कमी पडतोय याचाच आणखी एक पुरावा मिळाला. मला आजही त्या वाक्याची धास्ती वाटते.

डॉक्टर नैराश्य ओळखताना पहिल्यांदा दोन गोष्टी विचारतात: मन सतत उदास आहे का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरलाय का. यातलं निदान एक तरी रोज, दिवसाचा बराचसा वेळ, किमान दोन आठवडे असेल, आणि जोडीला झोप-भूक बिघडणं, गळून जाणं, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यांतलं बरंच काही दिसत असेल, तर ते आजारपण समजायचं. आपल्याकडे बायका-पुरुष हे मनाचं म्हणून सांगतच नाहीत. डोकं धरतं, छातीत धडधडतं, अन्न गळ्याखाली उतरंना, अंगात जीव नाही, असं सांगतात. म्हणून वहिनींना आधी एका दवाखान्यात सलाईन लावली, मग ताकदीची बाटली दिली, मग अंगारा झाला. यात तीन महिने गेले. थायरॉईड किंवा रक्त कमी असल्यानंही माणूस असा मलूल होतो, म्हणून रक्त तपासणं बरोबरच आहे. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

आता एक गुंता. शोकात असलेल्या माणसाला नैराश्य होऊ शकत नाही असं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमांत पूर्वी मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सहसा नैराश्य म्हणायचं नाही अशी सूट होती. ती २०१३ मध्ये काढली. दुःख खरं असलं तरी आजार अंगावर काढू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. आणि सहा महिने, वर्ष उलटलं तरी ओढ तितकीच तीव्र राहून जगणंच थांबलं असेल, तर त्यालाही आता मदत घेण्याजोगा विकार मानतात. पण वर्षश्राद्धाला रडू येणं, पहिल्या दिवाळीला घास न गिळणं हा विकार नाही. त्यावर गोळी मागू नका.

दुःखाला आपल्या रीतींत चांगली सोय आहे. माणसं येतात, भाकरी आणतात, आठवणी काढतात. बारावं-तेरावं झालं की मात्र सगळे एकदम निघून जातात, आणि खरं एकटेपण तिथून सुरू होतं. महिन्यानं, दोन महिन्यांनी जाऊन बसा. नैराश्याला तेवढं बसणं पुरत नाही. त्याला बोलण्याचे उपचार लागतात, बऱ्याचदा गोळ्या. या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानंच एकदम सोडायच्या नसतात.

काकू म्हणायच्या, “मलाबी त्यांच्याकडं जावंसं वाटतंय.” वहिनी म्हणाल्या होत्या, “मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल.” दुसरं वाक्य जास्त घाबरवणारं, पण दोन्ही ठिकाणी सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. आणि त्याच दिवशी घरातलं कीटकनाशक, तणनाशक कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. आपल्या शेतकरी घरांत डबा गोठ्यातच पडलेला असतो.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेत तालुका दवाखान्यात ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ येतात, तो दिवस चौकशी करून घ्या. धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटर. आणि १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. आपली भाषा निवडता येते.

भाषेचं विसरू नका. डॉक्टर कन्नड बोलणारे, पेशंट मराठी बोलणारी, मध्ये भाषांतराला सून किंवा मुलगी. अशा वेळी ‘बेजार’ म्हटलं की दोघांनाही समजल्यासारखं वाटतं आणि काहीच समजत नाही. वहिनींच्या मुलीनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागं लिहून नेलं होतं: तीन महिने झाले. पहाटे तीनला जाग. जेवण अर्धी भाकरी. मागावर बसत नाही. माझ्यामुळं घराचं वाटोळं झालं म्हणते. डॉक्टरांनी तो कागद वाचला, मुलीला बाहेर बसायला सांगितलं, आणि मोडक्यातोडक्या मराठीत वहिनींनाच विचारलं, “अक्का, तीनला उठून काय येतं मनात?”