ऑरेंज वाइन की उतरलेली व्हाइट वाइन?

पेल्यात ओतल्यावर दोघींचा रंग एकच वाटतो, मधापासून पातळ काकवीपर्यंतचा. त्यामुळे पहिल्यांदा ऑरेंज वाइन समोर आली की अनेकांना बाटली खराब निघाली असं वाटतं. उलटही होतं: खरोखर उतरलेली व्हाइट वाइन 'ऑरेंज असेल' म्हणून गुमान प्यायली जाते. (संत्र्याचा इथे काही संबंध नाही. हे नाव डेव्हिड हार्वी या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने 2004 मध्ये वापरात आणलं. जॉर्जिया या देशात तिला अंबरी रंगाची वाइन म्हणतात आणि आमच्या मते तेच नाव जास्त नेमकं आहे.)

ऑरेंज वाइनचा रंग सालीतून येतो. साधी व्हाइट वाइन करताना द्राक्षं दाबून साली लगेच बाजूला काढतात आणि फक्त रस आंबवतात. इथे हिरवी द्राक्षं सालींसकट, बियांसकट आंबतात, म्हणजे रेड वाइनचीच रीत. जॉर्जियातल्या काखेती भागात र्कात्सितेली जातीची द्राक्षं क्वेव्रीत भरतात. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाश्यांचं मेण लावलेला मातीचा रांजण. रस आंबू लागला की वायूमुळे साली वर येऊन जाड थर धरतात. हा थर दिवसातून तीन-चार वेळा लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो. एखादा दिवस हयगय झाली तर वरचा थर कोरडा पडतो, त्यावर व्हिनेगरचे जीवाणू वाढतात आणि वाइनला आंबूस चरचरीत वास लागतो. आंबणं थांबल्यावर साली तळाशी बसतात. मग रांजणाचं तोंड बंद करून वसंतापर्यंत, साधारण पाच-सहा महिने, त्याला हात लावत नाहीत. रांजणाचा तळ निमुळता असल्यामुळे बिया टोकाशी जमतात, त्यांच्यावर सालींचा थर बसतो आणि बियांचा कडूपणा आटोक्यात राहतो. सगळीकडेच इतका काळ साली ठेवत नाहीत, काही जण आठवड्याभरातच काढतात.

उतरलेल्या वाइनचा रंग मात्र हवेने आलेला असतो, चिरलेलं सफरचंद काळं पडतं तसा. बूच वाळलं, बाटली उन्हाळाभर गरम कपाटात उभी राहिली, किंवा उघडून बरेच दिवस तशीच पडली, एवढं पुरतं.

म्हणून रंगावर जाऊ नका, हिरड्यांना विचारा. घोट तोंडात फिरवून गिळा आणि जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. कोऱ्या, कडक चहानंतर जाणवतो तसा खरखरीत तुरटपणा आला, तर साली मुरलेल्या आहेत. हवा लागून ही तुरटी येत नाही. उतरलेली वाइन जिभेवर सपाट लागते, फळाचा गंध गेलेला असतो, उरतो तो डागाळलेल्या सफरचंदाचा वास. चांगल्या ऑरेंज वाइनमध्ये तुरटीसोबत जर्दाळू, संत्र्याची वाळलेली साल, मध असं काहीतरी ताजं, जिवंत असतं. तुरट आहे पण गंध मेलेला आहे, अशी बाटली मिळाली तर ती ऑरेंज असूनही उतरलेली समजा.

गढूळपणा हा दोष नाही. बाटली एक दिवस उभी ठेवून हलक्या हाताने ओतली की गाळ खाली राहतो. खरा चकवा वेगळाच आहे. काही वाइन ओठांशी ठीक वाटतात, पण गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास तोंडात उमटतो. वाइनच्या आंबटपणात तो वास दबलेला असतो, लाळेने आंबटपणा कमी झाला की वर येतो. गंमत म्हणजे या दोषात सापडणारं एक संयुग बासमतीच्या सुगंधामागेही असतं! वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधक अगदी कमी वापरलेल्या वाइनमध्ये हा दोष जास्त दिसतो, आणि बाटली एकदा उघडल्यावर त्यावर इलाज नाही.

फ्रिजमधून काढल्या काढल्या ऑरेंज वाइन पिऊ नका. थंडीत तुरटी कडवट होते आणि गंध मिटून जातो. 12 ते 14 अंश योग्य. आपल्याकडच्या हवेत अर्धा तास आधी बाहेर काढली तरी पुरे. पेला रुंद पोटाचा घ्या. सोबत दाणे-तेल असलेलं जेवण हवं. जॉर्जियन लोक अक्रोड-लसणाचं वाटण भरलेली वांगी खातात. दाण्याच्या कुटाचं भरलं वांगंही तितकंच जमतं, फक्त तिखट हात राखून घाला, कारण तिखटाने तुरटी आणखी बोचते.