असाइनमेंट चालली म्हणजे पेपर सुटला असं नाही

पहिलं सेमिस्टर संपत आलं की बेळगावात इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणाऱ्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "सीची काळजी नाही, असाइनमेंट सगळ्या झाल्यात." निकाल लागतो तेव्हा यातल्याच काही जणांचा सीचा, म्हणजे सी या प्रोग्रामिंग भाषेचा, पेपर राहिलेला असतो. मुलं खोटं बोललेली नसतात. असाइनमेंट खरंच झालेल्या असतात, बऱ्याच जणांनी स्वतः केलेल्या असतात. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. 'दिलेली संख्या पॅलिंड्रोम आहे का हे तपासणारा प्रोग्राम लिहा' (पॅलिंड्रोम म्हणजे उलटी वाचली तरी तीच राहणारी संख्या) हा प्रश्न लॅबच्या यादीत असतो आणि प्रश्नपत्रिकेतही असतो. शब्दही तेच. त्यामुळे एकाची तयारी झाली की दुसऱ्याची आपोआप झाली, असा समज होतो.

असाइनमेंट करताना तुमच्यासोबत कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, असतो. तुम्ही लिहिता, तो चूक दाखवतो, तुम्ही दुरुस्त करता, परत चालवून बघता. दहाव्यांदा चाललं तरी शेवटी चाललं म्हणजे झालं. मधल्या नऊ चुकांचा हिशेब कोणी मागत नाही. पेपरात कागद आणि पेन एवढंच हाताशी असतं. प्रोग्राम चालवून बघण्याचं काम तुम्हालाच डोक्यात करावं लागतं आणि जे पहिल्यांदा उतरलं तेच तपासणाऱ्याच्या हाती जातं. असाइनमेंट विचारते, की तुम्हाला हे चालवून दाखवता येतं का. पेपर विचारतो, की हे कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

आधी गुणांचं गणित बघू, कारण तिथेही हाच घोळ होतो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे आपल्या बेळगावातच मुख्यालय असलेलं व्हीटीयू, १९९८ साली सुरू झालं. त्याच्या २०२२ च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या नियमांत, सीसारख्या विषयाला इंटर्नलचे ५० आणि सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचे ५० गुण असतात. असाइनमेंट, इंटर्नल टेस्ट, लॅब हे सगळं पहिल्या पन्नासात येतं. लेखी पेपर १०० गुणांचा, तीन तासांचा असतो आणि त्याचे गुण नंतर ५० वर आणले जातात. उत्तीर्ण व्हायला इंटर्नलमध्ये किमान ४० टक्के म्हणजे २०, परीक्षेत किमान ३५ टक्के म्हणजे पन्नासपैकी १८, आणि दोन्ही मिळून शंभरात ४० लागतात. या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात.

समजा एखाद्याला इंटर्नलला ४५ पडले. मन लावून केलेल्या असाइनमेंटचं ते चीज आहे. पेपरात मात्र शंभरपैकी ३० मिळाले, त्याचे झाले १५. बेरीज ६०. साठ गुण असूनही तो नापास, कारण १५ हे १८ पेक्षा कमी आहेत. उलटही होतं. इंटर्नलला जेमतेम २० आणि पेपरात जेमतेम १८ मिळवले, तर दोन्हीकडची किमान अट पुरी होते, पण बेरीज ३८ भरते आणि पुन्हा नापास. म्हणून 'इंटर्नल चांगले आहेत, पेपरात थोडे मिळाले तरी निघेल' हा हिशेब करू नका. ऑटोनॉमस कॉलेजं आपले पेपर आपण काढतात, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बीसीएचे आणि चंदगड-गडहिंग्लजकडून शिवाजी विद्यापीठात जाणाऱ्यांचे नियम वेगळे असतात. आपल्या बॅचची स्कीम कोणती, हे सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच पाहून घ्यावं.

आता खरा फरक जवळून बघू. पॅलिंड्रोमचाच प्रोग्राम घ्या. संख्या उलटी करायची आणि मूळ संख्येशी ताडून बघायची. एन आणि रेव्ह ही दोन व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायच्या जागा, घेऊ: एन मध्ये दिलेली संख्या, रेव्ह मध्ये उलटी होत जाणारी. त्यासाठी लूपमध्ये, म्हणजे परत परत चालणाऱ्या भागात, तीन ओळी असतात. एन ला १० ने भागून उरलेली बाकी घ्यायची, रेव्ह ला १० ने गुणून त्यात ती बाकी मिळवायची, आणि एन ला १० ने भागून शेवटचा अंक टाकून द्यायचा. एन शून्यापेक्षा मोठा आहे तोवर हे चालू.

बेळगाव शहराच्या पिनकोडचे पहिले तीन अंक घेऊ, ५९०. वहीवर तीन रकाने पाडा: बाकी, रेव्ह, एन. सुरुवातीला रेव्ह शून्य, एन ५९०. पहिल्या फेरीत बाकी ०, रेव्ह शून्यच राहिला, एन ५९ झाला. दुसऱ्या फेरीत बाकी ९, रेव्ह ९, एन ५. तिसऱ्या फेरीत बाकी ५, रेव्ह ९५, एन ०. लूप थांबला. उत्तर ९५ आलं, ०९५ नाही. शेवटचं शून्य कुठे गेलं? पहिल्या फेरीत ते आलं होतं, पण संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नसते म्हणून दिसेनासं झालं. असाइनमेंटमध्ये १२१ आणि १२३ टाकून बघणाऱ्याच्या हे कधी लक्षातच येत नाही. रकाने पाडणाऱ्याला पहिल्याच फेरीत दिसतं.

याच प्रोग्राममध्ये याहून मोठा खड्डा पुढे आहे. लूप संपल्यावर एन शून्य झालेला असतो. अनेक मुलं शेवटी 'इफ (रेव्ह == एन)' असं लिहून मोकळी होतात. आता रेव्ह ची तुलना शून्याशी होते आणि कुठलीही धन संख्या टाकली तरी उत्तर 'पॅलिंड्रोम नाही' असंच येतं. लूपच्या आधी मूळ संख्या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायला हवी होती. लॅबमध्ये ही चूक झाली तर १२१ टाकल्याबरोबर कळतं, दोन मिनिटांत दुरुस्तही होतं, आणि मूळ संख्या का जपून ठेवायची हे न समजताही प्रोग्राम चालायला लागतो. पेपरात हीच चूक केली तर काहीच घडत नाही. उत्तर नीटनेटकं दिसतं, तुम्ही समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळता, आणि गुण तिथेच जातात.

लॅबमध्ये ज्या चुकांचा सगळ्यात जास्त त्रास होतो, त्या पेपरात बहुधा किरकोळ ठरतात. सेमिकोलन राहिला तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही, अर्धा तास डोकं खाजवायला लावतो. पेपरात एखादा सेमिकोलन राहिला आणि बाकी प्रोग्राम बरोबर असला, तर तपासणारे सहसा पुढे बघतात. उलट 'इफ (ए == ५)' च्या जागी 'इफ (ए = ५)' लिहिलं तर कंपायलर ते चालवून घेतो, फार तर वॉर्निंग देतो. तिथे तुलना होतच नाही, ए मध्ये ५ भरला जातो आणि अट कायम खरी ठरते. फॉर च्या कंसानंतर चुकून सेमिकोलन पडला तर लूप रिकामाच फिरतो आणि आतली ओळ एकदाच चालते. ५ भागिले २ याचं उत्तर दोन्ही पूर्णांक असल्यामुळे २ येतं, २.५ नाही. असं काही चुकलं तरी प्रोग्राम चालतोच, म्हणून असाइनमेंटमध्ये ते निसटून जाऊ शकतं. पेपर काढणारे तर नेमकं हेच विचारतात. ओळी देऊन 'आउटपुट काय येईल' असं विचारलं, की अशीच एखादी जागा त्यात ठेवलेली असते.

अपुऱ्या कामाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा. लॅबमध्ये प्रोग्राम चालला नाही तर दाखवायला आउटपुट नसतं, आणि तिथे आउटपुटच मुख्य असतं. पेपरात अल्गोरिदम, म्हणजे कामाच्या पायऱ्या, नीट लिहिलं, व्हेरिएबल बरोबर घेतली, लूपची अट बरोबर धरली आणि शेवट जमला नाही, तरी लिहिलेल्या टप्प्यांचे गुण मिळतात. म्हणून प्रोग्राम पूर्ण आठवत नाही एवढ्यासाठी प्रश्न कोरा सोडू नका. व्हीटीयूच्या पेपरात पाच मॉड्यूल, प्रत्येकातून दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा, असे पाच पूर्ण प्रश्न असतात. तीन तासांत एका प्रश्नाला ३६ मिनिटं येतात. वाचून नंबर टाकण्यातच त्यातली चार-पाच जातात.

घरी चाललेला प्रोग्राम कॉलेजात अडला, ही तक्रारही नेहमीची. त्यातून एक गोष्ट शिकता येते. बऱ्याच मुलांकडे लॅपटॉप नसतो, ती मोबाइलवरच्या कंपायलरवर सराव करतात. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या व्हेरिएबलचा प्रकार, सहसा चार बाइटचा असतो, म्हणून ५९०००१ हा पिनकोड त्यात सहज मावतो. टर्बो सी हा जुना कंपायलर वापरला तर इंट दोन बाइटचा, ३२,७६७ पर्यंतच जाणारा. त्यात ५९०००१ ठेवायला गेलात तर मागचे सोळा बिट तेवढे उरतात आणि छापून येतं १७७. चूक कंपायलरची नाही. सीच्या नियमाने इंट किमान सोळा बिटचा असला म्हणजे पुरे, पुढचं मशीन आणि कंपायलरवर अवलंबून. असाइनमेंटसाठी आपल्या कंपायलरवर चाललं एवढं बास आहे. पेपरात 'इंट चा आकार किती' असं आलं तर नुसतं 'दोन' किंवा 'चार' न लिहिता तो कंपायलरवर अवलंबून असतो हे एक वाक्य जोडा.

आय = ५ असताना 'आय = आय++ + ++आय' यानंतर आय किती, असले प्रश्नही सरावाच्या वह्यांतून फिरत असतात. सीच्या प्रमाण नियमांत याचं उत्तर ठरवलेलंच नाही. कंपायलर बदलला की उत्तर बदलू शकतं. असा प्रश्न पुढ्यात आलाच, तर आय++ (आधी वापरून मग एकाने वाढवणं) आणि ++आय (आधी वाढवून मग वापरणं) यांतला फरक पायरी-पायरीने लिहा आणि शेवटी प्रमाण नियमांत याचं उत्तर ठरलेलं नाही हेही लिहा. पाठ केलेल्या आकड्यापेक्षा ती समज मोलाची आहे.

आपल्या भागातल्या मुलांसाठी यात आणखी एक फरक आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खानापूर तालुक्यातल्या किंवा येळ्ळूर, कडोलीसारख्या गावातल्या मुलाने एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकलेलं असतं. पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. लॅबमध्ये सर थोडं कन्नडमध्ये, थोडं इंग्रजीत समजावतात, शेजारचा मित्र मराठीत. असाइनमेंटमध्ये ही तिन्ही भाषांची मदत मिळते आणि शेवटी उतरायचा असतो तो प्रोग्राम. इंग्रजीतलं एक पूर्ण वाक्यही न लिहिता असाइनमेंट पुरी होऊ शकते. पेपरात 'व्हाइल आणि डू-व्हाइल यातला फरक उदाहरणासह सांगा' असं येतं, आणि तिथे वाक्यं लिहावी लागतात. ज्या मुलाला डू-व्हाइल कसा फिरतो हे पक्कं माहीत आहे, तोही दोन ओळी लिहून थांबतो. त्याचा प्रोग्रामिंगचा पाया कच्चा नाही. इंग्रजीत मांडायचा सराव त्याला कोणी दिलेला नाही, एवढंच.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. आधी मराठीत मोठ्याने सांगा, "डू-व्हाइलमध्ये अट शेवटी तपासतात, म्हणून आतलं काम निदान एकदा तरी होतंच. व्हाइलमध्ये अट आधी तपासतात, म्हणून एकदाही न होण्याची शक्यता असते." हे अडखळत न सांगता आलं, की त्याचीच चार लहान इंग्रजी वाक्यं करा. लांब वाक्यं नकोत. खाली तीन ओळींचं उदाहरण आणि त्याचं आउटपुट. प्रत्येक मॉड्यूलमधल्या अशा पाच-सहा जोड्यांचं एवढं केलं तरी पेपरातली मोठी अडचण दूर होते. खानापूरहून रोज बसने येणाऱ्यांना यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शेजारी बसलेल्या मित्राला समजावून सांगा, त्याला समजलं नाही तर तुमचंही अजून नीट झालेलं नाही.

उतरवून काढलेल्या असाइनमेंटबद्दलही बोलायला हवं. सीनियरचं रेकॉर्ड, किंवा आता चॅटबॉटने दिलेला प्रोग्राम, जसाच्या तसा उतरवला की इंटर्नलचे गुण मिळतात आणि रेकॉर्डवर सहीही होते. वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मात्र 'ही ओळ काढली तर काय होईल' असं विचारल्यावर गप्प बसावं लागतं. मदत घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घरात कॉम्प्युटर नाही, विचारायला कोणी नाही, अशा मुलाने मदत घेतलीच पाहिजे. पण मिळालेला प्रोग्राम एकदा वाचून बाजूला ठेवावा, कोऱ्या पानावर स्वतः लिहावा, आणि एक आकडा घेऊन वर केले तसे रकाने पाडून शेवटपर्यंत चालवावा. ज्या ओळीत अडाल, तेवढीच ओळ पुन्हा बघा.

सेमिस्टर अजून हातात असेल तर हे काम असाइनमेंट करतानाच उरकता येतं. लॅबला जाण्याआधी प्रोग्राम वहीत लिहा, आउटपुट काय येणार ते पेन्सिलने शेजारी मांडा, मग मशीनवर टाका. मशीनचं उत्तर वेगळं आलं तर लगेच दुरुस्त करू नका. आपल्या वहीतलं नेमकं कुठे चुकलं ते आधी शोधा, समासात त्या चुकीची एक ओळ लिहा, आणि मगच कीबोर्डला हात लावा. पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक उघडण्याऐवजी या समासातल्या ओळी वाचा.