‘ब्लॅक ऑर व्हाइट’ची कापलेली चार मिनिटं : पार्श्वभूमी

मायकल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ या गाण्याचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेला असतो तो सहा-साडेसहा मिनिटांचा. एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उमलत जातो, गाणं संपतं, संपला व्हिडिओ. मूळ चित्रफीत मात्र अकरा मिनिटांची आहे. गाणं संपल्यावरची साधारण चार मिनिटं १४ नोव्हेंबर १९९१च्या रात्री जगभर दाखवली गेली आणि दुसऱ्याच दिवशी काढून टाकायचं ठरलं. मायकल जॅक्सनच्या चाहत्यांमध्ये त्या निर्णयावरून आजही वाद होतात. त्यामागे फक्त एका व्हिडिओची काटछाट नाही. हा माणूस व्हिडिओच्या नावाखाली नक्की काय बनवत होता, हाच त्यातला खरा मुद्दा आहे.

जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची जन्मकथा आणि एमटीव्ही या संगीतवाहिनीने कृष्णवर्णीय गायकांसाठी उशिरा उघडलेलं दार, हे सगळं वाचकांना पाठ असेल, म्हणून ते सोडून देतो. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. जॅक्सनला मुळात सिनेमात काम करायचं होतं. १९७८ साली त्याने ‘द विझ’ या मोठ्या संगीतपटात बुजगावण्याची भूमिका केली आणि तो सिनेमा आपटला. तसाही हॉलिवूडचा संगीतपट साठच्या दशकाच्या अखेरीपासून ओसरत चालला होता. आता त्यात पैसा घालायला फारसं कोणी धजत नव्हतं. ज्या प्रकारच्या सिनेमावर या मुलाचं लहानपणापासून प्रेम होतं, तो प्रकारच त्याच्या उमेदीच्या वर्षांत मागे पडला होता. मग गाण्याच्या जाहिरातीसाठी मिळणारी तीन-चार मिनिटं त्याने हळूहळू ताणायला सुरुवात केली. १९८३च्या ‘थ्रिलर’साठी त्याने दिग्दर्शक निवडला तो जॉन लँडिस, कारण त्याचा लांडगामानवाचा भयपट जॅक्सनला आवडला होता. चौदा मिनिटांची ती फीत ३५ मिलिमीटरवर, रीतसर सिनेमासारखी चित्रित झाली. रेकॉर्ड कंपनी एवढा खर्च उचलायला तयार नव्हती, तेव्हा ‘थ्रिलर कसा बनला’ हा माहितीपट आधीच विकून पैसे उभे केले गेले. स्वतःच्या या फितींना व्हिडिओ म्हटलेलं त्याला आवडत नसे, लघुपट म्हणा असा त्याचा आग्रह असे. तो आग्रह नखरा म्हणून हसण्यावारी नेला गेला. माझ्या मते तो सरळसरळ खरा होता.

आता हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतला नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर याच्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही नीट लागत नाही. तीसच्या दशकापासून अस्टेअरने एक नियम पाळून घेतला होता. नाच चालू असताना कॅमेऱ्याने डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण शरीर दाखवायचं आणि उगाच कट घ्यायचे नाहीत. नाचणाऱ्याचं कसब संकलकाच्या टेबलावर तयार होता कामा नये, हा त्यातला मुद्दा. मे १९८३मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर जॅक्सनचा मूनवॉक, म्हणजे पुढे चालतोय असं भासवत मागे सरकण्याची चाल, दिसल्यावर ज्यांनी फोन करून जॅक्सनचं कौतुक केलं, त्यांत हा ऐंशी पार केलेला म्हाताराही होता. जॅक्सनने १९८८मध्ये आपलं आत्मचरित्र अस्टेअरला अर्पण केलं. ऐंशीच्या दशकात बाकीचे व्हिडिओ दर सेकंदाला तुकडे पाडत होते, तेव्हा जॅक्सनच्या फितींत पावलं दिसतात आणि नाच श्वास घेऊन पुरा होतो. त्याची मुळं इथे आहेत.

मात्र त्याने अस्टेअरची नुसती नक्कल केली नाही, स्वतःची एक भर घातली. माझ्या मते त्याच्या संगीतपटांचं खरं मर्म त्या भरीत आहे, आणि १९८७ ते १९९१ या काळात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. गाणं थांबवून नाच चालू ठेवायचा, ही ती भर.

‘बॅड’ पाहा. १९८७, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, ब्रुकलिनचं एक भुयारी रेल्वे स्टेशन. पूर्ण फीत अठरा मिनिटांची आहे. बाहेरगावी चांगल्या शाळेत शिकणारा पोरगा सुट्टीत आपल्या मोहल्ल्यात परततो आणि जुने मित्र त्याला लुटालूट करायला डिवचतात. कथा काळ्यापांढऱ्या रंगात आहे, नाच सुरू होताना पडदा रंगीत होतो. टीव्हीवर फिरत राहिला तो फक्त रंगीत तुकडा. पण गाणं संपल्यावर काय होतं? वाद्यं बंद पडतात. जॅक्सन एकेक ओळ टाकतो आणि मागची पोरं ती झेलून परत फेकतात, चर्चमधल्या प्रवचनात होतं तसं. टाळ्या, पायांचे ठेके आणि घसा फाडून केलेला उच्चार, एवढ्यावर ते सगळं उभं आहे. लेदरच्या जाकिटावरून या फितीची चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा भाग पाहिला असेल, कोण जाणे.

पुढच्याच वर्षी ‘मूनवॉकर’ या चित्रपटात ‘स्मूथ क्रिमिनल’ आलं. हा सिनेमा अमेरिकेत थिएटरला लागलाच नाही, १९८९च्या सुरुवातीला थेट कॅसेटवर आला. पांढरा सूट, निळा शर्ट, हॅट हा सगळा वेष अस्टेअरच्या १९५३च्या ‘द बँड वॅगन’मधल्या नृत्यप्रवेशाला केलेला मुजरा आहे. जॅक्सन दारात उभा राहून नाणं उडवतो, ते अख्खा हॉल ओलांडून ज्यूकबॉक्सच्या फटीत जाऊन पडतं आणि तिथून नाच पेटतो. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते पंचेचाळीस अंशांत पुढे झुकणं. चित्रपटात त्यासाठी तारा वापरल्या होत्या. रंगमंचावर तेच करता यावं म्हणून नंतर खास बूट बनवले, त्यांच्या टाचेतली खाच मंचातून वर येणाऱ्या खिळ्यात अडकते. १९९३मध्ये जॅक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या नावावर त्याचं अमेरिकन पेटंटही झालं. लोकांचं लक्ष त्या झुकण्यावर खिळलं आणि त्याच नृत्यातली दुसरी गोष्ट दुर्लक्षित राहिली. मधेच संगीत थांबतं. क्लबमधली माणसं डोलू लागतात, कण्हू लागतात, पाय आपटू लागतात, नुसत्या श्वासांचा ठेका तयार होतो आणि तो चढत जातो. मिनिटभर आपण गाण्यात नसतोच, एखाद्या अंगात येण्याच्या विधीत असतो. टीव्हीसाठीच्या छोट्या आवृत्तीत हा भाग उरत नाही.

म्हणजे १९९१पर्यंत हा पायंडा पडला होता. गाणं संपतं किंवा थांबतं, तिथे जॅक्सनचा सिनेमा सुरू होतो, आणि वाहिन्यांची कात्रीही नेमकी तिथेच चालते.

‘ब्लॅक ऑर व्हाइट’ची पहिली प्रसिद्धी त्या काळच्या मानाने अवाढव्य होती. २७ देशांत एकाच वेळी, सुमारे पन्नास कोटी प्रेक्षक, असं तेव्हा सांगितलं गेलं. दिग्दर्शक पुन्हा लँडिस. पहिला भाग सगळ्यांना माहीत आहे. खोडकर पोरगा बापाला खुर्चीसकट उडवतो, मग जॅक्सन देशोदेशीच्या नर्तकांबरोबर नाचतो. त्यात गाड्या धावत असलेल्या रस्त्याच्या मधोमध भारतीय शास्त्रीय नृत्याच्या वेषातली एक नर्तकी आहे, आपल्याकडच्या अनेकांची या व्हिडिओशी ओळख त्या दृश्यापासूनची. मग ते मिसळत जाणारे चेहरे. संगणकावरचा तो प्रयोग तेव्हा नवा होता आणि गाण्याच्या गोड संदेशाला तो चपखल बसला.

इथे गाणं संपतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो, सेटवरची माणसं हलू लागतात आणि त्यांच्यामधून एक काळा बिबळ्या जिना उतरून निघून जातो. बाहेर निर्मनुष्य गल्ली, ओला रस्ता, दिव्याचा निळसर उजेड. बिबळ्याचा जॅक्सन होतो. यापुढे एकही शब्द नाही, एकही वाद्य नाही. बुटांचा आवाज, पाण्याचे शिंतोडे, वारा, घशातून निघणाऱ्या किंकाळ्या. तो डबक्यातून नाचतो तेव्हा ‘सिंगिंग इन द रेन’ या जुन्या संगीतपटातला पावसातला नाच आठवतोच, फक्त इथे आनंदाचा मागमूस नाही. तो गाडीच्या टपावर चढतो, पहारीने काचा फोडतो, दुकानाच्या काचेतून कचऱ्याचा डबा फेकतो, अंगातला बनियन फाडतो, गुडघ्यांवर पाण्यात कोसळतो. नाचताना हात वारंवार जांघेकडे जातो, एकदा तो पँटची चेन वर ओढतो. हॉटेलची पाटी ठिणग्या उडवत खाली येते आणि माणसाचा पुन्हा बिबळ्या होतो. शेवटी ‘सिम्पसन्स’ या कार्टूनमधला बाप टीव्ही बंद करतो.

अमेरिकेत वाहिन्यांचे फोन रात्रीच खणखणू लागले. कुटुंबाने एकत्र बसून पाहायच्या वेळेत हे दाखवलं, मुलं तोडफोड शिकतील, हे हातवारे कसले, असा तक्रारींचा सूर होता. दुसऱ्या दिवशी जॅक्सनच्या नावाने माफीचं निवेदन निघालं. बिबळ्याचं जनावरपण नाचातून दाखवायचा आपला प्रयत्न होता, कोणाला विध्वंसक वागण्याची प्रेरणा मिळावी असा हेतू नव्हता, असा त्याचा आशय होता. चार मिनिटं गेली.

तेव्हापासून तीन मतं चालत आली आहेत. पहिलं असं की सगळा बनाव होता, अल्बम बाजारात यायला दोन आठवडेही उरले नव्हते आणि वादाने खप वाढतो हे कंपनीला कळत होतं. दुसरं असं की तक्रारी रास्त होत्या, लहान मुलांचा लाडका गायक आठ-साडेआठ वाजता असलं काही दाखवणार असेल तर आधी सूचना हवी होती. या दुसऱ्या मतात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. तिसरं मत न्यूयॉर्कच्या काही समीक्षकांनी मांडलं आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेल्या मारहाणीची चित्रफीत देशभर दाखवली गेली होती, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते शहर पेटणार होतं. त्या दोन तारखांच्या मधे एक कृष्णवर्णीय माणूस आधी ‘रंगाने काही फरक पडत नाही’ असं हसतमुखाने गातो आणि कॅमेरा बंद झाल्यावर एकटा गल्लीत जाऊन तो फरक किती पडतो ते शरीराने सांगतो. पहिला भाग हा दुसऱ्याशिवाय शुभेच्छापत्र ठरतो. कात्री लावणाऱ्यांनी शुभेच्छापत्र तेवढं ठेवलं.

यानंतर झालेली गोष्ट मला कापण्यापेक्षाही जास्त खटकते. चार मिनिटं पुढे परत आली, १९९३च्या लघुपट-संग्रहात ती आहेत, पण बदललेली. तो ज्या काचा फोडतो त्यांवर संगणकाने वंशद्वेषी मजकूर चढवला गेला, स्वस्तिकासारखं नाझी चिन्ह, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची नावनिशाणी, स्थलांतरितांना शिव्या. आता तोडफोडीला कारण मिळालं, नायक वाईट शब्द फोडतो आहे, पालकांनी निश्चिंत व्हावं. पण मूळ नाचात संताप कशावर आहे हे लिहिलेलं नव्हतं आणि त्यामुळेच तो सगळीकडे पोहोचत होता. कोऱ्या काचेसमोर उभा राहिलेला माणूस आधी स्वतःचं प्रतिबिंब पाहत असतो. मजकुराने तेच झाकलं. सोयीची आवृत्ती म्हणून काही चाहते हिचं समर्थन करतात. निदान पूर्ण नाच तरी दिसतो, एवढंच त्यांचं बरोबर आहे.

पुढचा काळ थोडक्यात. १९९३मध्ये जॅक्सनवर बाललैंगिक शोषणाचा आरोप झाला, तो दिवाणी दावा १९९४मध्ये पैसे देऊन मिटवण्यात आला. २००५च्या फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. २०१९च्या एका माहितीपटाने आरोप पुन्हा समोर आणले. या सगळ्याचा भार आज हे लघुपट पाहताना प्रत्येकाच्या मनावर असतो, चाहत्यांच्याही. ‘घोस्ट्स’ (१९९६) तर त्या काळातूनच निघाला. गावातल्या पोरांना भुतं दाखवतो म्हणून गावकरी मशाली घेऊन एका माणसाला हाकलायला येतात, आणि त्यांचा पुढारी असलेल्या लठ्ठ गोऱ्या महापौराची भूमिकाही मेकअपखाली जॅक्सननेच केली आहे. पुन्हा तेच, वाद्यं थांबतात आणि भुतांचा थवा नुसत्या पायांच्या आवाजावर भिंती, छत धरून नाचतो. ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’ या गाण्यासाठी दिग्दर्शक स्पाइक ली कॅमेरा घेऊन ब्राझीलला गेला. रिओच्या झोपडपट्टीची बदनामी होईल म्हणून तिथल्या काही अधिकाऱ्यांनी चित्रीकरण रोखायचा प्रयत्न केला. त्याच दोना मार्ता वस्तीत आज जॅक्सनचा पुतळा आहे.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने पोहोचलं. आधी शाळेच्या गॅदरिंगमधला आणि गणपतीपुढचा मूनवॉक, मग केबल, मग १ नोव्हेंबर १९९६ची मुंबईतली अंधेरीची मैफल, जिच्यासाठी आलेल्या जॅक्सनला विमानतळावर नऊवारी नेसलेल्या अभिनेत्रीने ओवाळलं होतं. केबलवर दिसल्या त्या मुख्यतः छोट्या आवृत्त्या. त्यामुळे मराठी चाहत्यांच्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणीत ‘बॅड’ चार मिनिटांचं आहे.

आज लांब आवृत्त्या शोधायला कठीण नाहीत, फक्त लांबी बघून घ्यावी. ‘बॅड’ अठरा मिनिटांच्या आसपास हवं. ‘स्मूथ क्रिमिनल’ नऊ मिनिटांहून मोठं हवं. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ अकरा मिनिटांचं असलं तरी गाडीच्या काचा कोऱ्या आहेत का ते तपासावं. ‘घोस्ट्स’ चाळीस मिनिटांच्या आसपासचं आहे, पाच मिनिटांचं असेल तर त्यात गावकरी सापडणार नाहीत.